बावीस अंश, डावीकडे

माझी मान सरळ झाली. अगदी ओळंबा लावून तपासलेली सरळ. आणि त्याच महिन्यात मी नोकरीत कायम झालो. खरं तर इथं थांबायला हरकत नव्हती. पण आमच्या कार्यालयाच्या दप्तरी यातली पहिली गोष्ट घडलेलीच नाही, आणि मी दप्तराबाहेर जाणारा माणूस नाही. तेव्हा माझी मान सरळ झाली हे मी लिहिलेलं नाही आणि तुम्ही वाचलेलं नाही. मान वाकडी आहे असं धरून पुढे जाऊ.

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार नोंदणीच्या टेबलावर बसतो. टेबलावर एक फोन, एक नोंदवही, एक कार्बन पेपर आणि एक शिक्का. काम सोपं आहे. फोन वाजला की उचलायचा, उजव्या हाताने तक्रार लिहायची आणि डाव्या हाताने कार्बन दाबून धरायचा, नाहीतर तो सरकतो. आता दोन्ही हात कामाला लागल्यावर फोन कशाने धरायचा, याबद्दल नियमावलीत काही नाही. मी तो डाव्या कानात आणि डाव्या खांद्यात दाबून धरायचो. माझ्या आधीचा माणूसही तसाच धरायचा. तो कुठे गेला विचारलं तर सगळे छताकडे बघतात.

फोनला स्पीकरचं बटण आहे, पण त्यावर चिकटपट्टी आहे आणि चिकटपट्टीवर लिहिलंय, ‘स्पीकर लावू नये. आदेशावरून.’ पूर्वी एकदा स्पीकर चालू असताना एका नागरिकाने आमच्या साहेबांबद्दलचं आपलं मत सविस्तर मांडलं होतं, आणि साहेब मागेच चहा पीत उभे होते.

दहा महिने मी असा फोन धरला. आणि एका सोमवारी सकाळी फोन ठेवला, तर मान तिथेच राहिली.

सुरुवातीला वाटलं, येईल परत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आली नाही. घरी जाताना बसचा नंबर तिरका दिसला. घरी पोचलो तर आईने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिनेही मान तिरकी केली.

“काय झालं? असा का बघतोयस?”

“बघत नाहीये. अडकलीये.”

“कुठे?”

“इथंच. माझ्यावर.”

बातमी जिन्यातून खाली गेली आणि सल्ले घेऊन वर आली. एका शेजाऱ्याने सांगितलं, उशी काढून टाक. दुसऱ्याने सांगितलं, दोन उशा घे. दोघांचाही अपमान नको म्हणून मी सरासरी काढली आणि एकाच उशीवर झोपलो, म्हणजे जसा रोज झोपतो तसाच. ‘मान’ या शब्दावर विनोद करणाऱ्या शेजाऱ्यांची यादी मी वेगळी ठेवली आहे. ती इथे देत नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकांनी मात्र काम शास्त्रशुद्ध पद्धतीने हातात घेतलं. काका निवृत्त सर्व्हेअर. आयुष्यभर जमिनी मोजल्या, आता मोजायला जमीन उरलेली नाही. ते ओळंबा घेऊनच आले. ओळंबा म्हणजे दोरीला लटकवलेलं शिशाचं वजन, भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी वापरतो ते. दोरीचं टोक त्यांनी माझ्या कपाळाच्या मधोमध बोटाने दाबलं. वजन हनुवटीवर यायला हवं होतं, ते डाव्या गालाशेजारी लोंबकळायला लागलं.

“हलू नकोस,” काका म्हणाले.

“हलता आलं असतं तर तुम्हाला त्रास दिला नसता.”

त्यांनी कोनमापक लावला, एक डोळा मिटला. “बावीस अंश. डावीकडे.” मग आईकडे वळून, इमारत पाडायची नोटीस वाचावी तशा आवाजात, “वहिनी, पाया ठीक आहे. वरचं बांधकाम झुकलंय.”

दुसऱ्या दिवसापासून जिन्यातल्या फळ्यावर, पंपाच्या वेळेखाली, रोजचा कोन लिहिला जाऊ लागला.

आता यातली गंभीर बाब. मी तेव्हा परिवीक्षेवर होतो. म्हणजे वर्षभर नोकरी असते पण नसते. वर्षाच्या शेवटी हेडक्लार्क बाई माझा अहवाल लिहिणार, आणि त्यावर मी कायम होणार की घरी जाणार हे ठरणार. अहवालात दोन रकाने महत्त्वाचे: नागरिकांशी वागणूक, आणि शेवटच्या साठ दिवसांची हजेरी. साठ दिवसांत तीनपेक्षा जास्त गैरहजेरी लागली की विषय संपला. बाबा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि घरात सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारा मी एकटाच होतो. आईने या नोकरीबद्दल नातेवाइकांना सांगताना ‘परिवीक्षा’ हा शब्द कधीच वापरला नव्हता.

आणि मान अडकली त्याच आठवड्यात कार्यालयात चेहरा ओळखणारं हजेरीयंत्र आलं.

यंत्र बसवणारा माणूस सगळ्यांना एकेक करून त्याच्यासमोर उभा करत होता. माझा नंबर आला.

“मान सरळ करा.”

“होत नाही.”

“मग नजर तरी सरळ करा.”

केली. यंत्राने थोडा विचार केला आणि हिरवा दिवा लावला. मला बरं वाटलं. त्या आठवड्यात मला जसा आहे तसा स्वीकारणारं ते पहिलंच कोणीतरी होतं.

“मान बरी झाल्यावर परत फोटो काढू ना?” मी विचारलं.

“एकदा चेहरा आत गेला की गेला,” तो म्हणाला आणि शिडी उचलून निघून गेला.

त्यानंतर जे झालं त्याची मला अजिबात अपेक्षा नव्हती. मी लोकप्रिय झालो. तक्रार घेऊन समोर येणाऱ्या माणसाला काउंटरपलीकडे काय दिसायचं? मान एका बाजूला कलती केलेला, डोळे किंचित ओले झालेला, दातावर दात धरून बसलेला एक तरुण कर्मचारी. ओलावा दुखण्याचा होता. लोकांना वाटायचं, आपल्या नळासाठी कुणीतरी रडतंय.

एक आजी तर दर मंगळवारी यायच्या. त्यांच्या नळाला तीन महिने पाणी थेंब थेंब येत होतं. त्या पाऊण तास बोलायच्या आणि शेवटी म्हणायच्या, “बाळा, पाणी येवो न येवो. पण तू ऐकतोस.”

इथे एक कबुली द्यायला हवी. मी त्यांचं एक अक्षरही ऐकत नव्हतो. डावा कान खांद्याजवळ, मानेतून खांद्यापर्यंत तापलेली तार ओढल्यासारखी कळ, आणि डोक्यात एकच विचार, की या कधी उठतील. वहीत मी दर मंगळवारी लिहायचो, ‘नळ.’

हेडक्लार्क बाई लांबून बघायच्या. एकदा जवळ येऊन म्हणाल्या, “काय रे, कुठून शिकलास हे? वीस वर्षांत या टेबलावर असा माणूस पाहिला नाही.”

“शिकलो नाही, बाई. झालं.”

“नम्र पण आहे,” त्या शेजारच्या टेबलाला म्हणाल्या.

पण लोकप्रियता कितीही असली तरी माणसाला कूस बदलावी लागते. दहाव्या दिवशी दात घासताना मी कळवळून ओरडलो आणि आई मला ओढत फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली. या मॅडम बोलायला मऊ आणि बोटांनी कठीण. त्यांनी खांद्यावर, मानेच्या कडेला दाबत दाबत एका जागी अंगठा रोवला, आणि मला आमच्या साहेबांबद्दलचं त्या नागरिकाचं मत शब्दशः आठवलं.

“गाठ आहे,” त्या म्हणाल्या. “स्नायू आवळून बसलाय, सोडतच नाहीये. ड्राय नीडलिंग करू.”

“म्हणजे इंजेक्शन?” आई.

“नाही. बारीक सुई, पण औषध नसतं. कोरडी.”

“औषधच नाही?” आईचा आवाज खाली आला. “संपलंय का? आम्ही उद्या येतो.”

“संपलं नाही हो. त्यात औषध नसतंच. सुई त्या गाठीत जाते, स्नायू एकदम उडतो, आणि मग ढिला पडतो.”

“घाला थोडंसं,” आई हळूच म्हणाली. “एकुलता एक आहे.”

मला पालथं झोपवलं. त्या टेबलाला तोंडासाठी एक भोक असतं. त्यातून फरशी दिसते, आणि मॅडमची चप्पल दिसते. माणसाने आयुष्यात कुठवर मजल मारली याचा विचार करायला याहून चांगली जागा नाही. मॅडमनी स्नायू चिमटीत धरला, टक् असा आवाज आला, काही कळलं नाही. मला वाटलं, झालं. उगाच घाबरलो. मग सुई आत थोडी सरकली आणि माझा खांदा माझी परवानगी न घेता उडाला. जाळ्यातला मासा उडतो तसा. मी जन्मापासून या खांद्याला ओळखतो, पण तो असा स्वतंत्रपणे काही करेल हे माहीत नव्हतं.

“छान उडाला,” मॅडम म्हणाल्या.

“धन्यवाद,” मी भोकातून म्हणालो.

सहा सुया झाल्या. प्रत्येकीला खांदा उडाला आणि प्रत्येक वेळी आई कोपऱ्यातून “अगं बाई” म्हणाली. मॅडमनी सांगितलं, दोन दिवस दुखेल, हे व्यायाम रोज करायचे, आणि फोन हातात धरायचा. खांद्यात धरलात तर गाठ परत येईल, मग मला बोल लावायचा नाही.

दुखलं. पण तिसऱ्या दिवशी जिन्यातल्या फळ्यावर लिहिलं होतं, ‘सतरा.’ काकांनी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

उपचाराच्या दिवशी मी अर्धी रजा घेतली होती. तिचा अर्ज हेडक्लार्क बाईंसमोर गेला.

“औषधाचं नाव हा रकाना कोरा आहे.”

“औषध नव्हतं, बाई. नुसती सुई.”

“रकाना कोरा चालत नाही.”

“‘निरंक’ लिहू?”

“निरंक म्हणजे औषध शून्य. शून्य औषधाला रजा कशी देणार?” त्यांनी चष्मा काढून पुसला. “सुई होती ना? ‘सुई’ लिही.”

लिहिलं.

“मात्रा?”

“सहा.”

“जेवणाआधी की नंतर?”

“पालथं पडून.”

त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि सही केली. बाई मनाने वाईट नाहीत. रकाना भरला की त्यांना माणूस आवडतो.

दुसऱ्या खेपेनंतर मी आठ अंशांवर आलो. आणि तिथे भानगड सुरू झाली. सकाळी यंत्रासमोर उभा राहिलो तर ते म्हणालं, ‘पुन्हा प्रयत्न करा.’ तीनदा केला, चौथ्यांदा घेतलं. तिसऱ्या खेपेनंतर काकांचा ओळंबा कपाळावरून सुटून, नाकाच्या शेंड्याला चुटपुटता लागून, बरोबर हनुवटीवर येऊन थांबला. काकांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. फळ्यावर ‘शून्य’ लागलं. आईने डोळे पुसले. मी छाती काढून कार्यालयात गेलो, यंत्रासमोर ताठ उभा राहिलो, आणि यंत्र म्हणालं, ‘अनोळखी व्यक्ती.’

गैरहजेरी लागली. दुसऱ्या दिवशी दुसरी. तिसऱ्या दिवशी तिसरी. मी दहा ते पावणेसहा टेबलावर बसून तक्रारी लिहीत होतो आणि गैरहजर होतो.

“बाई, मी तुमच्या समोर उभा आहे,” मी म्हणालो.

“मला दिसतोयस रे. पण अहवालात मला काय दिसतं ते लिहायचं नसतं. यंत्राला काय दिसतं ते लिहायचं असतं. आणखी एक लागली तर माझा नाइलाज आहे.”

मी यंत्रवाल्याला फोन लावला. हातात धरून. तो म्हणाला, “नवा चेहरा घालायचा तर आधी जुना कर्मचारी काढावा लागतो. काढायला सेवामुक्तीचा आदेश लागतो. तो आणा, पाच मिनिटांचं काम आहे.”

“म्हणजे नोकरी टिकवायला आधी नोकरी सोडू?”

“तुमचं तुम्ही बघा. मी शिडीवर आहे.”

या तीन दिवसांतला पहिला दिवस मंगळवार होता आणि आजी आल्या होत्या. मी या वेळी ताठ बसलो होतो, दोन्ही कान मोकळे होते. त्या बोलायला लागल्या आणि मला पहिल्यांदा ऐकू आलं. त्यांच्या गल्लीत नवा पाइप टाकला तेव्हा त्यांच्या घराचा जुना व्हॉल्व्ह कुणी उघडलाच नव्हता. हे त्या इतके आठवडे, दर मंगळवारी, पाऊण तास सांगत होत्या. मी मध्येच थांबवलं, “समजलं आजी, उद्या माणूस येईल,” म्हणालो, आणि बुधवारी माणूस पाठवला. अकरा वाजता त्यांच्या नळाला धो धो पाणी आलं.

गुरुवारी आजी तक्रार घेऊन आल्या. माझी.

“इथे आधी एक मुलगा बसायचा,” त्या म्हणाल्या. “तो कुठे आहे?”

“आजी, मीच तो.”

“नाही. तो ऐकायचा.”

“पाणी आलं ना पण?”

“पाण्याचं काय घेऊन बसलास? त्याच्या डोळ्यात पाणी यायचं. तू चार वाक्यांत माझं तोंड बंद केलंस.” त्यांनी बोटाने वहीकडे खूण केली. “लिही. आधीचा मुलगा परत आणावा.”

मी लिहिलं. फोन हातात धरायला लागल्यापासून वही सांभाळायला हात पुरत नव्हते, कार्बन सरकायचा. मान सरळ झाली होती आणि नकला वाकड्या निघत होत्या. पण या वेळी फोन नव्हता, दोन्ही हात मोकळे होते. नक्कल स्वच्छ उतरली. खाली मीच शिक्का मारला.

त्या संध्याकाळी मी काकांकडे गेलो. कायम होण्याला एकोणीस दिवस उरले होते आणि गैरहजेरी एकही उरली नव्हती. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग बुटांचं एक खोकं काढलं, कोनमापक लावला, आणि पुठ्ठ्याची एक नीटस पाचर कापून माझ्या हातात दिली.

“खांद्यावर ठेव. त्यावर गाल टेकव. म्हणजे बरोबर बावीस. अंदाजाने झुकायचं नाही, कामात अंदाज चालत नाही.” आणि मग तोंड फिरवून म्हणाले, “मीच सरळ केला आणि मीच वाकवतोय.” सुया मॅडमनी मारल्या होत्या, पण मी पुठ्ठा पिशवीत टाकला.

सकाळी यंत्रासमोर रांग होती. मी पिशवीतून पुठ्ठा काढला, खांद्यावर ठेवला, गाल टेकवला आणि नजर सरळ केली. हिरवा दिवा लागला. मागून कोणीतरी म्हणालं, “याला काही नवस वगैरे आहे का?” मी पुठ्ठा पिशवीत ठेवला आणि जितक्या ताठपणे जाता येईल तितक्या ताठपणे जागेवर गेलो.

रोज सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. यंत्राला कधी कधी मिनिटभर विचार करायची सवय होती, तेवढा वेळ तसंच उभं राहायचं. शिवाय आजींचा मंगळवार होता. त्या दिवशी मी पाऊण तास पुठ्ठा कॉलरच्या आत लपवून बसलो. आजींनी काउंटरवरून हात पुढे करून माझ्या गालाला लावला. “आलास का रे परत? ती दुसरी ब्याद कोण बसवली होती इथे?”

त्यांचं पाणी येत होतं. त्या नातसुनेबद्दल बोलत होत्या, जी फोन करत नाही. या वेळी मी वाकड्या मानेने सगळं ऐकलं. वहीत काय लिहावं सुचेना. शेवटी लिहिलं, ‘नळ.’

साठावा दिवस भरला. मान पुन्हा कुरकुरायला लागली होती. मॅडमनी अंगठा टेकवला आणि थांबल्या.

“ही गाठ मी सोडवली होती. परत कुणी बांधली?”

“यंत्राने.”

“फोन खांद्यात धरलात?”

“नाही. पुठ्ठा.”

त्यांनी सुई काढली. या वेळी “छान उडाला” म्हणाल्या नाहीत.

आदेश सोमवारी आला. ‘नागरिकांचे म्हणणे अत्यंत आपुलकीने ऐकतो’ या शेऱ्यासह, ‘सोबतच्या छायाचित्रात दिसणाऱ्या कर्मचाऱ्यास सेवेत कायम करण्यात येत आहे.’ छायाचित्र यंत्रातलं होतं. बावीस अंश, डावीकडे, डोळे ओले. हेडक्लार्क बाईंनी आदेश माझ्या हातात दिला, मग फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“यापुढे असाच राहा,” त्या म्हणाल्या. मनापासून.

आईने आदेश सगळ्या नातेवाइकांना वाचून दाखवला. फोटो अंगठ्याने झाकून.

आणि म्हणून मी खालील अर्ज योग्य मार्गाने सादर केला आहे. त्याला पोच मिळाली आहे. उत्तर मिळालेलं नाही.

‘विषय: हजेरीयंत्र भिंतीवर तिरके बसवण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, खाली सही करणाऱ्या कायम कर्मचाऱ्याची मान वैद्यकीय कारणास्तव सरळ झाली असून त्यामागे कोणताही वाईट हेतू नव्हता. सेवेत ज्या मानेस कायम करण्यात आले ती सध्या उपलब्ध नाही. तरी हजेरीयंत्र भिंतीवर उजवीकडे बावीस अंश झुकवून बसवण्यात यावे, जेणेकरून सदर कर्मचारी सरळ उभा राहूनही यंत्रास वाकडा दिसेल. कोनाची खात्री निवृत्त सर्व्हेअरकडून करून घेतली आहे. त्यामुळे उर्वरित सेहेचाळीस कर्मचाऱ्यांना रोज दोन वेळा माना उजवीकडे झुकवाव्या लागतील, याची अर्जदारास जाणीव आहे व त्याबद्दल तो दिलगीर आहे. त्यांच्यासाठी पुठ्ठ्याच्या सेहेचाळीस पाचरी तयार असून सोबत जोडल्या आहेत. माना अडकल्यास फिजिओथेरपिस्टचा पत्ताही जोडला आहे. रजेच्या अर्जात औषधाच्या रकान्यात “सुई” असे लिहावे.

तसेच, आजींची “आधीचा मुलगा परत आणावा” ही तक्रार अर्जदाराच्याच टेबलावर प्रलंबित असून, ती दर मंगळवारी पाऊण तास निकाली काढण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.’